बाईंच्या घराखालची काळी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आमच्या बाईंकडे बोट दाखवतो. तेलंगणात, आदिलाबादकडच्या भीमपूर मंडलातल्या आमच्या गावच्या मराठी शाळेत त्यांनी मला शिकवलं. पण काय शिकवलं हे सांगायला लागलो की माझी पंचाईत होते, कारण वर्गात त्यांच्या तोंडी सर्वांत जास्त वेळा येणारं वाक्य होतं, "मले नाई समजलं."

सगळं काही येणारे एखादे शिक्षक तुमच्या शाळेत नक्की असतील. आमच्या बाई तशा नव्हत्या. त्यांची नेमणूक मराठीसाठी झाली होती. भूगोलाची जागा वर्षानुवर्षं रिकामी, म्हणून तो विषयही त्यांच्याच गळ्यात पडला. वाचता वाचता त्या थांबायच्या, ओळीवर बोट ठेवायच्या आणि खिडकीबाहेर बघत म्हणायच्या, "हे मले नाई समजलं. कोनाले समजलं त्यानं हात वर करा." सुरुवातीला आम्हाला वाटायचं, ही आपली परीक्षा घेण्याची रीत आहे. मग हळूहळू लक्षात आलं की त्यांना खरोखरच समजलेलं नसायचं.

भरती-ओहोटीचा धडा मला अजून आठवतो. "समुद्र मी पाह्यला नाई, तुमी पाह्यला नाई," बाई म्हणाल्या. "पानी चंद्राकडं वढलं जाते म्हनते पुस्तक. मंग माह्या घरच्या रांजनातलं काऊन नाई वढलं जात?"

मी हात वर केला. "बाई, रांजण लहान आहे."

"लहान हाय म्हनून चंद्राले दिसत नाई का?"

वर्ग हसला. मी पुन्हा समजावून सांगितलं. "अखीन एकडाव," बाई म्हणाल्या. तिसऱ्यांदा सांगताना माझे शब्द तोंडातच विस्कटले आणि मी गप्प उभा राहिलो. बाई रागावल्या नाहीत. उलट त्यांना बरं वाटलेलं दिसलं. "आता आपन दोघंबी एकाच जागी हाओत," त्या म्हणाल्या. "बस."

एकदा मंडलाचे शिक्षण अधिकारी तपासणीला आले. साहेब तेलुगू. त्यांनी बाईंना एक लांबलचक प्रश्न विचारला. बाई शांतपणे म्हणाल्या, "सारू, अर्थं काले." साहेबांनी तोच प्रश्न हिंदीत विचारला. "साब, समझ में नहीं आया." हेडमास्तरांना घाम फुटला. त्यांनी पुढे होऊन प्रश्न मराठीत करून सांगितला. बाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "आता भाषा समजली. प्रश्न नाई समजला." साहेब खुर्चीवर मागे रेलून मनापासून हसले. त्यांनी प्रश्न सोपा करून विचारला, तेव्हा कुठे बाईंनी उत्तर दिलं.

दहावीनंतर पुढे काय करायचं हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. वडील नाल्याकाठी वांगी-टमाटे लावत. कॉलेज ही गोष्ट त्यांनी आदिलाबादला भाजी न्यायच्या रस्त्यावर बाहेरून पाहिलेली. बाई स्वतः माझ्याबरोबर बसनं आदिलाबादला आल्या आणि कॉलेजात प्रवेशाच्या एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर माझ्यासाठी उभ्या राहिल्या. पुढे पदवीला भूशास्त्र हा विषय घ्यायचं ठरलं तेव्हाही त्यांनाच विचारलं. "भूशास्त्र म्हनजे काय, मले नाई समजलं," त्या म्हणाल्या. "तुले समजलं का?" मी नाही म्हणालो. "मंग तेच घे. समजलेलं शिकाले कॉलेजात कायले जा लागते?"

आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. आज आदिलाबादला माती तपासण्याच्या एका छोट्या प्रयोगशाळेत मी काम करतो. कोणाला घर बांधायचं असतं, कोणाला टाकी. मी खड्ड्यातली माती पिशवीत भरून आणतो आणि ती किती वजन पेलेल ते सांगतो. बाईंना हे काम आवडायचं. गावी गेलो की त्या विचारायच्या, "कोन्या गावची माती आनली?" आणि खरोखरच पिशवीत हात घालून बघायच्या.

आता पुढचं कळण्यासाठी आमचं गाव डोळ्यांपुढे आणायला हवं. गाव उतारावर आहे. वरच्या अंगाला मुरमाड बरड, कडक जमीन. तिथे शाळा, बसथांबा आणि किराणा दुकान. खालच्या अंगाला नाल्याकडे काळी माती. तिथे बुद्धविहार, त्याभोवतीची वस्ती आणि आमचे भाजीचे वाफे. उन्हाळ्यात या काळीला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच फुगून चप्पल ओढून घेते.

निवृत्त झाल्यावर बाईंनी विहाराशेजारी विटांचं घर बांधलं. गवंड्यानं आमच्याकडे सगळेच करतात तसं केलं. पायाखालची काळी खणून टाकली, मुरूम भरला आणि धुमसानं ठोकून घेतला. "बाई, मुरूम भरला म्हनजे घर खडकावर झालं," तो म्हणाला. बाईंनी वर स्लॅब टाकून घेतला, कारण पुढे तिथे एक खोली काढायची होती. वस्तीतल्या मुलांना बसून वाचायला. थंडीच्या दिवसांत त्या स्लॅबवर ऊन खात बसायच्या आणि हवेत हात फिरवून दाखवायच्या, "इथं खिडकी येईन. इथं फळी. लेकरायनं चपला खालीच काढायच्या, वर नाई आनायच्या."

मग एका सकाळी झटका आला.

खालच्या वस्तीत फळीवरची भांडी खाली आली, पत्रे खडखडले, विहाराचा दरवाजा आपोआप उघडला-मिटला. माणसं गल्लीत धावली. बाई हातात चहाची कपबशी घेऊनच बाहेर आल्या. आणि त्याच वेळी वर शाळेत प्रार्थना चालू होती. ती तशीच पूर्ण झाली. मुलांना, गुरुजींना, कोणालाही काहीही कळलं नाही. किराणा दुकानदार साखर तोलत होता, त्याच्या काट्यानंही काही सांगितलं नाही.

दुपारपर्यंत गावाचे दोन भाग झाले. "काहो, भूकंप का रस्ता इचारून येते?" दुकानदार दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला म्हणायचा. "खालच्याच घरी काऊन आला? आमचं घर त्याले सापडलं नाई का?"

बाईंच्या शेजारच्या काकू तेल घ्यायला गेल्या होत्या. त्यांनी तिथंच उत्तर दिलं. "तुमच्या दुकानात साखरेच्या गोन्या. त्या कायच्या हालतात? तुमी तरी कुठं हालता?"

संध्याकाळच्या बातमीत दूर कुठेतरी हलका भूकंप झाल्याचं आलं. दुकानदार मागे हटला नाही. बातमीतला झटका वेगळा, वस्तीतला वेगळा, असं त्याचं म्हणणं. हे सगळं थट्टेत चाललं होतं, पण थट्टेला वर-खालची जुनी धार होती. खालचे लोक वाढवून सांगतात, हे वरच्यांनी पूर्वीही म्हटलं होतं, दुसऱ्या गोष्टींबद्दल.

दोन-चार दिवसांनी महसूल खात्याचा गिरदावर पाहणी करायला आला. नुकसान झालं असेल तर त्याला वर कळवायचं होतं. बाईंच्या मागच्या भिंतीला वरून खाली आलेली एक तिरपी भेग होती. त्यानं विचारलं, "बाई, ही भेग जुनी की झटक्याची?"

शेजारच्या काकूंनी मागून खूण केली. वस्तीतल्या चार-पाच घरांना अशाच भेगा होत्या. बाई शिकलेल्या, सरकारी नोकरी केलेल्या. त्यांच्या शब्दावर सगळ्यांच्या भरपाईचं काम होणार होतं. बाई भेगेजवळ गेल्या, तिच्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "मले नाई समजलं, साहेब. मी ते त्या दिवशी पाह्यली. पन त्या दिवशीच झाली का आधीपासून व्हती, ते कसं सांगू?"

गिरदावर निघून गेला. त्यानं काय लिहिलं ते कळलं नाही, पण वस्तीला जे कळायचं ते कळलं. काकू त्यानंतर बाईंशी मोजकंच बोलू लागल्या. "एक शब्द बोलल्या असत्या तं तुमचं काय गेलं असतं?" एवढंच त्या म्हणाल्या, पण रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन बसणं त्यांनी थांबवलं.

बाईंचा मला फोन आला. "तू मातीचंच काम करून राह्यला ना? मंग ये."

मी गेलो तेव्हा बाईंची मुलगीही आलेली होती. ती निर्मल शहरात शिक्षिका आहे. तिनं आईचे कपडे पिशवीत भरायला घेतले होते. "भाऊ, तुम्हीच सांगा आईला," ती म्हणाली. "भिंत फुटली आहे, एकटी राहते, उद्या काही झालं तर?"

बाईंनी हातानंच तिला थांबवलं. "मले एकच सांग," त्या मला म्हणाल्या. "मी या घरात राहू का नको?"

मी जे शिकलो होतो ते सांगितलं. भूकंपाची लाट खडकातून वेगानं येते. मऊ मातीत शिरली की तिचा वेग मंदावतो. पळत आलेली माणसं चिखलात शिरली की मागचे पुढच्यांवर आदळतात, तशी ती लाट दाटते आणि जमीन जास्त हलते. जास्त वेळही हलते. वर बरडावर तोच झटका लहान राहिला, इतका की उभ्या माणसाला कळलाही नाही.

बाईंनी दोनदा ऐकून घेतलं. "म्हनजे आमी खोटं नाई बोललो."

"नाही, बाई."

"अन् तो किरानावालाबी खोटं नाई बोलला."

"नाही."

"मंग खोटं कोन बोललं?"

"कोणीच नाही."

"हे मले समजलं," त्या म्हणाल्या. "अन् समजलं म्हनून अखीन गडबड झाली. इतकं भांडन झालं, अन् दोघंबी खरं?"

मग त्यांनीच सुचवलं की हे सगळ्यांना सांग. रविवारी विहारापुढे लोक जमतात तेव्हा मी दाखवून सांगायचं ठरवलं. एका बाकावर एका बाजूला पाटा ठेवला, दुसऱ्या बाजूला परातीत कणकेचा मोठा उंडा. पाटा म्हणजे बरड, कणीक म्हणजे काळी. दोन्हींवर एकेक काडेपेटी उभी केली आणि बाकावर जोरात बुक्की मारली.

पाट्यावरची काडेपेटी पडली. कणकेवरची उभी राहिली.

मग किराणा दुकानदार, तो मुद्दाम ऐकायला खाली आला होता, म्हणाला, "म्हनजे आता आमी खाली राह्याले येऊ का?" सगळे हसले, काकूही हसल्या. मी गडबडलो. काडेपेटीच्या जागी उदबत्तीचा उंच पुडा उभा केला, दोन्हीकडे, आणि या वेळी बाक धरून हळूहळू हलवला. कणकेवरचा पुडा डुलत डुलत कोसळला, पाट्यावरचा राहिला. "बघा," मी म्हणालो. पण माझा आवाज मलाच पटला नाही.

बाई पुढच्या रांगेत बसल्या होत्या. "मले नाई समजलं," त्या म्हणाल्या. "पयल्यांदी तू बुक्की मारली अन् लहान पेटी ठेवली. दुसऱ्यांदी बाक हालवलं अन् उंच पुडा ठेवला. दोनी बदललं. मंग मातीनं पाडलं का तू पाडलं?"

उत्तर होतं, पण ते आधीच्या उत्तरापेक्षा अवघड होतं. मी झोक्याचं उदाहरण दिलं. झोक्याला त्याच्या लयीत ढकललं की तो उंच जातो, लय चुकवून ढकललं की नाही. प्रत्येक घराची डुलायची एक लय असते. बुटक्या घराची जलद, उंच घराची संथ. मातीचीही लय असते. मऊ थर जाड असेल तर संथ, पातळ असेल तर जलद. मातीची आणि घराची लय जुळली की घर जास्त हलतं, आणि तेच खरं धोक्याचं. नुसतं काळीवर किंवा बरडावर असण्यानं सगळं ठरत नाही.

"मंग माह्या घराचा झोका कोनता?" बाईंनी विचारलं.

"मोजावं लागेल."

"अन् माह्या घराखालच्या काळीचा?"

"तेही मोजावं लागेल."

"म्हनजे तुले माहीत नाई."

"नाही, बाई."

त्या इतक्या समाधानानं हसल्या की मला शाळेतला वर्ग आठवला. पण मुलीच्या चेहऱ्यावर काही समाधान नव्हतं. तिला लय नको होती. आई हवी होती.

माझ्या बोलण्याचा वस्तीनं मात्र आपला अर्थ काढला. काळी जास्त हलते, एवढं त्यांच्या लक्षात राहिलं. पुढच्या आठवड्यात गेलो तर बरडाच्या बाजूनं मुरमाचे ट्रॅक्टर येत होते आणि घरोघरी अंगणात मुरूम पसरला जात होता. पायात मुरूम भरतात, मग अंगणात भरला तर घर आणखी पक्कं होईल, असा हिशेब. बाई ओट्यावरून बघत होत्या. "या मुरमानं खालची काळी हालायची थांबन का?" त्यांनी मला विचारलं.

"नाही. खाली ती किती खोल आहे. वर हातभर मुरूम टाकून काय होणार?"

"मंग सांग यायले."

मी सांगितलं. फावड्यानं मुरूम सारखा करणारे एक आजोबा थांबले आणि सावकाश म्हणाले, "साहेब, झटक्याले नसन चालत, पन पावसात चिखल तं नाई होनार?"

भेगेचं मात्र मला काहीतरी करता येण्यासारखं होतं. आमच्या कामात एक साधी रीत आहे. भेगेवर आडवी प्लास्टरची पातळ पट्टी लावून ठेवायची. भेग वाढली तर पट्टी तडकते. भेग मिटत आली तर पट्टीच्या कडा दबतात, वर उचलल्या जातात. ही भेग काळीच्या आकसण्यानं झाली असेल तर पावसाळ्यात जमीन फुगल्यावर ती मिटायला हवी. झटक्यानं झाली असेल तर तशीच राहील. मी भिंतीवर पट्टी लावली. बाईंनी तिच्यावर पेन्सिलीनं आपली सही केली. "पट्टी बदलून कोनी मले फसवाले नको," त्या म्हणाल्या. कोण फसवणार होतं, कोणास ठाऊक.

पाऊस पडेपर्यंत थांबायला मुलगी तयार नव्हती. आणि खरं सांगायचं तर तिला थांब म्हणायला माझ्याकडे कुठलाही आधार नव्हता. बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "बाई, मला अजून सांगता येत नाही." त्यांनी मान हलवली, कनवटीला खोचलेली घराची किल्ली काढली आणि काकूंच्या दारात गेल्या. काकूंनी किल्ली घेतली. मग काकू आत गेल्या आणि कागदात बांधलेल्या चार भाकरी घेऊन आल्या. "निर्मलच्या रस्त्याले इच्चोड्यापुढं कुठं चांगलं भेटत नाई खायाले," त्या म्हणाल्या. बाईंनी भाकरी पिशवीत सर्वांत वर ठेवल्या.

त्यानंतर मी एकदा निर्मलला गेलो. मुलीचं घर मोठ्या रस्त्याला लागून, तिसऱ्या मजल्यावर आहे. बाई खुर्ची सोडून फरशीवर बसल्या होत्या, तळहात फरशीला टेकवून. खालून ट्रक गेला की त्या म्हणायच्या, "पाह्य, आला." नातवंडं तेलुगूत हसायची. बाईंना ऐकू येणं बरंच कमी झालं होतं. फोनवर तर काहीच कळत नसे, म्हणून मी समोर बसून मोठ्यानं बोलत होतो.

"इथं कोनती माती हाय?" त्यांनी मला विचारलं.

मुलगी स्वयंपाकघरातून म्हणाली, "आई, इथं फरशी हाय."

"फरशीच्या खाली?"

"खाली दुसऱ्यांचं घर हाय."

"त्याच्या खाली?"

बाई माझ्याकडे वळल्या. "माह्या प्रश्नाचं काय झालं?"

मी सांगितलं की हैदराबादहून संशोधन करणारे काही लोक आमच्या भागात मोजमाप करायला येणार आहेत. त्यांच्याकडे एक लहान पेटी असते. ती जमिनीवर ठेवली की माणसाला न जाणवणारं जमिनीचं थरथरणं ती टिपते, आणि त्यावरून तिथल्या मातीची लय काढता येते. मी त्यांना आपल्या गावात यायची विनंती केली आहे. बाईंना यातलं किती ऐकू गेलं कळलं नाही. त्या म्हणाल्या, "तोंडानं नको सांगू. लिहून धाड. नाई समजलं तं अखीन एकडाव वाचता येते."

पावसाळ्यात ते लोक आले. मी त्यांच्याबरोबर गावात फिरलो. वर शाळेच्या पटांगणात पेटी ठेवली, उताराच्या मधल्या गल्लीत ठेवली, आणि मग काकूंकडून किल्ली घेऊन बाईंच्या घरात. पेटी चालू असताना जवळ कोणी चालायचं-बोलायचं नसतं. काकू दारात उभ्या राहिल्या आणि गल्लीतल्या प्रत्येकाला हातानंच गप्प करत होत्या. किराणा दुकानदार सायकल हातात धरून चालत गेला. बंद घराला ओल आली होती. स्लॅबवर पावसाचं पाणी साचलं होतं, ते मी काढून टाकलं.

घर अजून बंदच आहे. काकू दर रविवारी दार उघडून झाडून घेतात. मुलीला मी फोन केला होता. ती म्हणाली, "आईला जे लिहायचं ते लिहा, पण तिला खोटी आशा लावू नका." मी पुष्कळ विचार केला. मग हे पत्र बाईंना पाठवलं.

आदरणीय बाईंना,
सविनय जयभीम.

तुम्ही लिहून पाठवायला सांगितलं होतं. मोजमाप झालं आहे. समजलेलं आणि न समजलेलं वेगवेगळं लिहितो.

आधी भेगेचं. पाऊस चांगला झाल्यावर भेग जवळजवळ मिटली. पट्टीच्या कडा उचलल्या गेल्या आहेत, तुमच्या सहीतलं एक अक्षर मोडलं आहे. म्हणजे ही भेग काळीची आहे. उन्हाळ्यात उघडते, पावसाळ्यात मिटते. गिरदावरला तुम्ही सांगता येत नाही म्हणालात ते बरोबर होतं. हे मी काकूंना पट्टी दाखवून सांगितलं. त्यांनी पट्टी नीट बघून घेतली. मग म्हणाल्या, "मंग माह्या घरची भेग बी पाहून दे." त्यांच्याकडेही पट्टी लावली आहे.

झटक्यात भांडी पडली तेही खरं. शाळेपेक्षा आपली खालची जमीन पुष्कळ जास्त हलते, हे मोजमापात स्पष्ट आलं आहे. मी ते किराणा दुकानात जाऊन सांगितलं. दुकानदार काकांनी ऐकून घेतलं. मग चहा मागवला.

आता तुमचा प्रश्न. तुमच्या घराखाली काळी खोल आहे, म्हणून तिची लय संथ आहे. तुमचं घर एकमजली आणि बुटकं, त्याची लय जलद. दोन्हींची लय जुळत नाही, ही चांगली गोष्ट आहे. मधल्या गल्लीत काळीचा थर पातळ आहे, तिथे ती जास्त जुळते, म्हणून त्या घरांची मला जास्त काळजी वाटते. मी घरोघरी जाऊन सांगतो आहे.

पण याचा अर्थ तुमचं घर निर्धोक आहे असा नाही. काळीवरचं घर ते काळीवरचंच. खिडक्या-दारांच्या वरून चारही भिंतींना आतून-बाहेरून जाळी लावून सिमेंटचा पट्टा बांधून घ्यावा लागेल, म्हणजे भिंती एकमेकींना धरून राहतील. फळ्या भिंतीला पक्क्या कराव्या लागतील. भेगेसाठी भिंतीलगत पाणी साचू द्यायचं नाही.

आणि वरची खोली बांधता येणार नाही. हे लिहायला मला जड जातं आहे. मजला चढवला की घर उंच होईल, त्याची लय संथ होईल आणि काळीच्या लयीजवळ जाईल. मी वेगवेगळ्या तऱ्हेनं हिशेब करून पाहिला, तज्ज्ञांनाही विचारलं. त्यांनीही नको म्हटलं. वस्तीतल्या मुलांना वाचायला विहारातली बाजूची खोली मिळू शकते, तसं मी विचारून ठेवलं आहे. तिथे खिडकी एकच आहे आणि ती नाल्याकडे उघडते.

पुढचा झटका कधी येईल, किती मोठा येईल, हे मला माहीत नाही आणि कोणालाच सांगता येत नाही. मोठा आला तर पट्टा बांधलेल्या घरातही धावत बाहेर यावंच लागेल, आणि तुम्हाला आता लवकर उठता येत नाही हे मी पाहिलं आहे. निर्मलच्या ताईंची काळजी खोटी नाही. म्हणून राहा किंवा राहू नका असं मी एका शब्दात लिहू शकत नाही. एवढंच लिहितो की पट्टा बांधल्यावर त्या घरात माझ्या आईला ठेवायला मी तयार होईन. हे पत्र ताईंनाही वाचून दाखवा.

गवंड्याशी बोललो आहे. जाळी आदिलाबादहून मी आणीन. दसऱ्यापर्यंत त्यानं दुसरं काम घेतलेलं नाही, तुमच्या होकारासाठी थांबला आहे. नकार असला तर तोही कळवा, म्हणजे त्याला मोकळं करता येईल.

तुमचा विद्यार्थी